चांदीच्या मातीतलं नवरत्न : भट्टीच्या नोंदी

२ जून २०२५, शहापूर, बेळगाव

खानापूरच्या काकूंचं काम घेतलं. नवरत्नांचं पदक, चांदीचं, गणपतीच्या आधी हवंय. खडे त्यांचेच, पुडीत बांधून आणलेत. अट एकच : नऊच्या नऊ खडे जमिनीतले किंवा समुद्रातले हवेत, प्रयोगशाळेत केलेला एकही चालणार नाही. लेकीच्या पत्रिकेसाठी आहे. त्यामुळे लॅबचं माणिक, अमेरिकन डायमंड वगैरे सोपे पर्याय मी काढणारच नाही. त्यांची श्रद्धा त्यांची, माझं काम ती सांभाळून पदक करणं.

नक्षी पारिजातकाच्या पानाची, खऱ्या पानावरून उठवलेली. पान खरखरीत, शिरा खोल. पत्र्यावर तेवढं उठत नाही, म्हणून मेटल क्ले. चांदीची अगदी बारीक पूड, ती बांधून ठेवणारा चिकट बाइंडर आणि पाणी, बस. जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मित्सुबिशी मटेरियल्सने ही माती आणली. मळायची, ठसा घ्यायचा, वाळवायची, भट्टीत घालायची. बाइंडर जळून जातो, चांदीचे कण एकमेकांना चिकटतात आणि हातात ९९९ ची चांदी येते. चांदी ९६२ अंशांना वितळते. माझ्याकडच्या मातीला ६५० अंश पुरतात आणि ती आठ ते दहा टक्के आटते.

आता प्रश्न खड्यांचा. ओल्या मातीत बसवून तसेच भट्टीत नेले तर माती आटताना खडा कडेने गच्च धरते, वेगळं घर करायला लागत नाही. पण नऊमधले कोण ६५० अंशांतून सुखरूप येतील?

५ जून

पुडी सोडली. भिंगाखाली दिवसभर.

मोती आणि पोवळं लगेच बाजूला. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे पापुद्रे आणि त्यांना धरून ठेवणारा सेंद्रिय पदार्थ. पोवळ्याचा रंगही सेंद्रियच. ही दोन्ही आगीची माणसं नव्हेत.

पुष्कराजाचं आणि लसण्याचं वजन आधी हवेत, मग पाण्यात लोंबकळत ठेवून केलं. दोऱ्याला बांधून, काट्याच्या पाळण्याला धक्का न लागेल असा. पुष्कराज हवेत ३.२० कॅरट, पाण्यात २.४०. पाण्यात ०.८० घटलं, ३.२० ला ०.८० ने भागलं, म्हणजे पाण्यापेक्षा बरोबर चारपट जड. हा खरा कुरुंद, म्हणजे माणिक-नीलमाच्याच जातीचं खनिज. सुनेला (पिवळा क्वार्ट्झ) नाही, टोपाझही नाही. लसण्या हवेत ४.१०, पाण्यात ३.००. तसाच भागाकार ३.७३ येतो, म्हणजे क्रायसोबेरिल, खऱ्या लसण्याचं खनिज. लसण्या म्हणून क्वार्ट्झ आणि नुसती काच सर्रास विकली जाते, म्हणून याची मला जास्त धास्ती होती. हिशेब जमला तेव्हा फार बरं वाटलं.

मग माणिक. दिसायला मोठं, लाल, तेजदार. दिव्याखाली हळूहळू फिरवलं तर आतल्या भेगांत निळसर झळक येते आणि जाते. एका भेगेत चपटे बुडबुडे. दोनदा फिरवलं, खडे जडवण्याचं काम करणाऱ्या आप्पांना दाखवलं. शिशाची काच भरलेलं माणिक आहे. मूळ दगड माणिकच, पण भेगांनी इतका पोखरलेला की काच भरल्याशिवाय त्याला पाणीच दिसणार नाही. २००४ च्या सुमारापासून असा माल बाजारात आला. सोनाराच्या फुंकणीची आगसुद्धा ही काच बिघडवते, लिंबाच्या रसानेही ती खराब होते. काकूंनी हे खरं माणिक म्हणून, खऱ्याच्या भावात घेतलंय. दुकानदाराने एक शब्द सांगितलेला नाही.

या गोष्टीचा मला मनापासून राग येतो. काच भरायला हरकत नाही, पण सांगायला नको का?

६ जून

काकूंना फोन केला. सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "आईच्या अंगठीत एक आहे, लहान आहे, चालेल काय?" चालेल की.

८ जून

आईची अंगठी आली. माणिक दीड कॅरटच्या आतलं. रंग गुलाबीकडे झुकणारा, पण आत रेशीम : बारीक सुयांची जाळी, एकमेकींना साठ अंशांत छेदणारी, टोकं शाबूत. खडा फार मोठ्या उष्णतेत तापवलेला असता तर या सुया विरघळून तुटक ठिपके राहिले असते. म्हणजे हा तसल्या मोठ्या आगीत कधीच न गेलेला. पृष्ठभागाला लागणारी भेग नाही, आत द्रवाचा पोकळ कप्पाही नाही. ६५० अंशांत या सुयांना काही होत नाही, त्याला याच्या दुप्पट आणि त्याहून जास्त आग लागते.

आप्पांनी अंगठीतून खडा काढला. घराचे दात उघडताना त्यांचा हात अजून हलत नाही.

१० जून, वटपौर्णिमा

आप्पा म्हणाले, "हिरा सगळ्यात कडक, मग हिऱ्याला कशाची भीती गं?"

इथेच घोटाळा होतो. कडकपणा म्हणजे ओरखडा न पडणं. आगीत टिकणं वेगळं. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. लाव्हाझिएने १७७२ मध्ये मोठ्या भिंगाने सूर्याची उष्णता एकवटून हिरा जाळून दाखवला, आणि १७९७ मध्ये टेनंटने तो कोळशाच्याच जातीचा असल्याचं सिद्ध केलं. हवा असेल तर साधारण ७०० ते ८५० अंशांच्या दरम्यान त्याचा पृष्ठभाग जळायला लागतो, पैलू धुरकट होतात. ६५० ला कदाचित टिकेल. पण माझ्या भट्टीत आतल्या कोपऱ्यात आकड्यापेक्षा जास्त उष्णता असते. काकूंचा हिरा त्या "कदाचित"वर टाकणार नाही.

आप्पांचा अनुभव वेगळा सांगतो, आणि तोही खरा आहे. हिऱ्याच्या दागिन्याला डाख लावायचा झाला तर ते खड्यावर बोरिक पावडरचा लेप देतात. लेप काचेसारखा वितळतो, हवा खड्यापर्यंत पोचत नाही. पण फुंकणीची आग काही सेकंदांची, भट्टी तासाभराची.

१२ जून

भट्टीचा आकडा तपासला. उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणाऱ्या मित्राने त्यांच्याकडचा तपासलेला थर्मोकपल, म्हणजे भट्टीतली उष्णता मोजणारी तार, आणला, माझ्या भट्टीत शेजारी ठेवला. माझा मीटर ६५० दाखवतो तेव्हा मध्यभागी ६६८. मागच्या भिंतीला अजून जास्त. म्हणजे यापुढे ६३२ लावायचं आणि पदक दाराकडे सरकवून ठेवायचं. खड्यांचं काम करणाऱ्यांनी हे एकदा तरी करून घ्यावं, बेळगावात फाउंड्र्यांची कमी नाही.

१५ जून

आप्पांची जुनी डबी उघडली. वर्षानुवर्षं साठलेले फुटके, टवके उडालेले, कुणी परत न नेलेले खडे. चाचणीला सोनं आहे ही डबी. काकूंच्या खड्यांना हात लावण्याआधी त्यांचे जातभाई भट्टीत जातील.

खडे सिरॅमिक ब्लँकेटवर सुटे ठेवले, माती नाही. हळू चढवलं, ६५० ला धरलं, रात्रभर भट्टीतच थंड.

१६ जून

सकाळी दार उघडलं.

माणकाचा तुकडा, नीलम, लसण्या : जसेच्या तसे. भिंगाखालीही फरक नाही.

पाचू दोन होते. एक आतून पांढरट झाला, दुसऱ्याचे सरळ तीन तुकडे. पाचूत भेगा असतातच, त्यांत बहुधा तेल पाजलेलं असतं. शिवाय पाचू ज्या खनिजाचा, त्या बेरिलच्या स्फटिकात नळीसारख्या पोकळ्या असतात, त्यांत पाणी. उष्णता चढली की तेल आणि पाणी दोघंही बाहेर यायची वाट शोधतात. प्रयोगशाळेतला पाण्यातून वाढवलेला पाचूही याच कारणाने भट्टीत धोक्याचा.

गोमेद दोन. स्वच्छ होता तो टिकला, रंगही तसाच. दुसऱ्यात आधीपासून एक चीर होती, ती टोकापासून टोकापर्यंत गेली.

ॲमेथिस्ट सहज ठेवला होता, नवरत्नात नाही. जांभळा गेला तो फिकट पिवळा होऊन आला.

काच भरलेल्या माणकाचा एक स्वस्त खडाही ठेवला होता. भेगांचं पांढरं जाळं पूर्ण उघडं, पृष्ठभागावर काचेचे थेंब. काकूंचं मोठं माणिक गेलं असतं तर हेच.

आणि पिवळा नील, म्हणजे पुष्कराज. फुटला नाही, चिरला नाही. फक्त पिवळा राहिला नाही. जवळजवळ पांढरा.

१७ जून

पुष्कराजावर आजचा दिवस गेला.

नीलम, माणिक, पुष्कराज तिघंही कुरुंद, ॲल्युमिनियम ऑक्साइड, वितळायला दोन हजार अंशांच्या वर लागतात. पण रंग देणारी कारणं वेगळी. माणकाचा लाल क्रोमियममुळे. नीलमाचा निळा लोह आणि टायटॅनियम यांच्या जोडीमुळे. दोघांना ६५० अंशांचं काही वाटत नाही. पुष्कराजाचा पिवळा दोन तऱ्हेचा : लोहामुळे आला असेल तर पक्का. स्फटिकातल्या बारीक दोषांमुळे आला असेल, म्हणजे निसर्गातल्या किंवा माणसाने दिलेल्या किरणोत्सर्गामुळे, तर उष्णतेने उडतो. श्रीलंकेच्या पिवळ्या नीलांत हा दुसरा प्रकार पुष्कळ सापडतो. नुसत्या भिंगाने दोघांतला फरक कळत नाही.

काकूंचा पुष्कराज भट्टीत जाणार नाही. खडा टिकेल हे माहीत आहे, पण रंग गेल्यावर पत्रिकेत लिहिलेला पुष्कराज राहील का, याचं उत्तर मी द्यायचं नाही.

१९ जून

खानापूरला एका कुंभार मित्राकडे जाऊन आले. तिकडे मातीकाम जुनं, ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही खानापुरातच आहे. त्याला क्वार्ट्झबद्दल विचारलं. म्हणाला, "५७३ ला आम्ही भट्टीशी भांडत नाय. उतरताना तिथं घाई केली की भांडं टणकन वाजतं, संपलं." ५७३ अंशांना क्वार्ट्झच्या स्फटिकाची रचना बदलते आणि आकार एकदम वाढतो. उतरताना एकदम आक्रसतो. भांड्यातल्या वाळूचं जे होतं तेच स्फटिक, ॲमेथिस्ट, सुनेला यांचं. काकूंच्या नऊ खड्यांत क्वार्ट्झ नाही, तरी चढउतार हळूच ठेवायचा. मोठ्या खड्यात बाहेरची बाजू तापते आणि आतली मागे राहते, ताण तिथे येतो.

म्हणूनच चांदी गरम असताना पाण्यात टाकायची नाही. नुसत्या चांदीला चालतं, खडा असेल तर कधीच नाही.

२३ जून

काकूंचा नीलम परत पाहिला. आत एका बारीक स्फटिकाभोवती गोल चकतीसारखी चीर. अशा चकत्या बहुधा खडा पूर्वी जोरात तापवल्याची खूण. म्हणजे बहुतेक हा खडा विकायला यायच्या आधीच माझ्या भट्टीपेक्षा खूप मोठ्या आगीतून गेलाय. नीलमाच्या बाबतीत हा दिलासा. गोमेद स्वच्छ, फक्त नेहमीची मधासारखी लहर.

ठरलं. माणिक, नीलम, गोमेद, लसण्या मातीत बसून भट्टीत जातील. हिरा, मोती, पोवळं, पुष्कराज, पाचू भट्टीनंतर आप्पा जडवतील.

२६ जून

मांडणी कागदावर काढली आणि अडचण दिसली. नवरत्नाची परंपरेतली मांडणी : मध्ये माणिक, पूर्वेला हिरा, मग प्रदक्षिणेने मोती, पोवळं, गोमेद, नीलम, लसण्या, पुष्कराज, पाचू. म्हणजे भट्टीत जाणारे तीन खडे ओळीने एकाच बाजूला, आणि पाच मोकळी घरं दुसऱ्या बाजूला. खडा आटत नाही, माती आटते. एका बाजूला खडे अडवणार, दुसरी बाजू मोकळी आटणार. पदक वाकडं होणार हे नक्की.

मांडणी बदलायची नाही. म्हणून मोकळ्या घरांतही अडवणारं काहीतरी हवं. आप्पा म्हणाले, "कास्टिंगवाल्यांचं इन्व्हेस्टमेंट घाल की." तेच, ओतकामाच्या साच्याचं आगीत टिकणारं प्लास्टर. हिरा, पोवळं, पुष्कराज, पाचू यांच्या मापाचे इन्व्हेस्टमेंटचे खुंट ओतायचे, वाळवायचे, घरात बसवायचे. आगीत टिकतात, नंतर पाण्यात भिजवून टोकरले की निघतात. मोत्याला घर नको, चांदीची काडी पुरे, मोती अर्धा विंधलेला आहे.

घरांना शुद्ध चांदीची पट्टी लागेल. ९२.५ ची नको, भट्टीत ती ठिसूळ होऊ शकते. चांदीकामाच्या हुपरीला सांगितलं.

९ जुलै

पाऊस थांबत नाही. माती वाळायला वेळ लागतोय.

१४ जुलै

पान उठवलं. पारिजातक मागच्या दारातलाच, ताजं पान, खालची बाजू मातीवर, थोडं तेल लावून. शीर न् शीर आली, पानाची खरखरसुद्धा.

खडे बसवताना नोंद ठेवण्यासारखं :

खड्याखाली आरपार भोक पाडलं, खड्याच्या रुंदीच्या अर्ध्याहून कमी. उजेड येतो, खालून साफही करता येतो. खड्याची कंबर, म्हणजे पैलूंची सगळ्यात रुंद कडा, मातीच्या पातळीपेक्षा थोडी खाली गेली पाहिजे. वर राहिली तर आटणारी माती खड्याला धरण्याऐवजी वर ढकलते. खाली दाबताना चिमट्याने नाही, सपाट काडीने, वरच्या पैलूच्या मधोमध. वाकडा बसला की वाकडाच भाजतो. कडेपासून आणि शेजारच्या खड्यापासून पुरेशी माती हवी, नाहीतर आटताना तिथेच तडा.

शेवटी खड्यावरची माती पुसणं. दिसत नाही इतका पातळ थर राहिला तरी भट्टीत त्याची चांदी होते आणि पैलूवर कायमची बसते. कापूस गुंडाळलेली काडी, थोडं स्पिरिट, एका खड्याला वेगळी काडी. माणकावर भिंग लावून पुन्हा पुन्हा पाहिलं.

१७ जुलै

पूर्ण वाळलं. आरशावर ठेवून पाहिलं, खाली वाफेचा डाग येत नाही. संध्याकाळी भट्टी लावली. ५४० ला वीज गेली.

दार उघडायचं नाही, बस. भट्टी आपली आपण उतरेल. अर्धवट भाजलेली चांदी परत भाजता येते, आणि हे चारही खडे अजून एक चढउतार सोसतील असं चाचणीवरून वाटतं. मोती किंवा पाचू आत असता तर आज झोप लागली नसती.

१८ जुलै

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी पूर्ण. पाकिटावर ६५० ला किमान तीस मिनिटं लिहिलंय, मी तासभर धरलं, म्हणजे चांदी जास्त बळकट होते आणि आप्पांना घरं दाबताना भीती नाही. रात्रभर बंद.

१९ जुलै

चारही खडे शाबूत. माणकातलं रेशीम पाहिलं, सुया तशाच. नीलमातली चकती तेवढीच, वाढली नाही. पदक सपाट, खुंटांनी काम केलं. लसण्याच्या कडेला केसाएवढा तडा, तोच सगळ्यात मोठा खडा. मातीची पेस्ट भरली, वाळवली, परत भट्टी.

२१ जुलै

तडा बुजला, दिसत नाही. भट्टीतून आलेली चांदी पांढरी आणि धुरकट असते, ब्रशने घासल्यावरच तिचा रंग येतो. मग ओप दिला. गंधकाच्या द्रावणाने पानाच्या शिरा काळ्या केल्या. हे सगळं मोती आणि पोवळं बसायच्या आत उरकलं, त्यांना हे द्रावण चालत नाही.

२ ऑगस्ट

आप्पांनी चार खडे जडवले. पाचूला सगळ्यात जास्त वेळ. घराची पट्टी समोरासमोर थोडी थोडी दाबत आणायची, एका बाजूने संपवत जायचं नाही, नाहीतर ताण एका कोपऱ्यावर येतो. मी बाजूला बसून दिवा धरला. मोती मी काडीवर चिकटवला.

५ ऑगस्ट

काकू आल्या. पदकाबरोबर बिलाच्या मागे लिहून दिलं : कोणते चार खडे भट्टीतून गेलेत, कोणते पाच नंतर बसवलेत. पुढे कुणी सोनार डाख लावायला घेईल तर हा कागद आधी दाखवायचा. पाचू, मोती, पोवळं असल्यामुळे मशिनच्या पाण्यात धुवायला टाकायचं नाही, मऊ ओल्या कपड्याने पुसायचं. काच भरलेलं माणिक वेगळ्या पुडीत परत केलं, पुडीवर ते काय आहे ते स्पष्ट लिहून. दुकानात घेऊन जाणार म्हणाल्या. जावंच.

पुढचं काम तांब्याच्या मातीचं. ती नारळाच्या करवंटीच्या कोळशात पुरून भाजायला लागते, ९०० अंशांच्या वर आणि हवेशिवाय. अमेरिकन डायमंडचे काही रंग त्या कोळशात बदलतात, म्हणून डबीतून प्रत्येक रंगाचा एक खडा आधीच वेगळा काढून ठेवलाय.